ताण शमवायचा की भावना ओळखायच्या? देहाधारित उपचारांची निवड करताना

खांदे ताठरलेले, जबडा आवळलेला आणि पोटात सतत गोळा आल्यासारखे वाटत असताना शरीराच्या वाटेने मनावर काम करणारा उपचार शोधू लागले, की ‘देहाधारित उपचार’ या एकाच नावाखाली अगदी भिन्न स्वरूपाच्या पद्धती समोर येतात. त्यांतून निवड करताना पद्धतीच्या नावाआधी आपली गरज तपासावी. अंगात उसळलेली खळबळ शमवायची आहे, की आपल्याला नेमके काय वाटते आहे याचाच थांग लागत नाही आणि तो लावून घ्यायचा आहे? पुष्कळांना दोन्ही हवे असते, तरी सुरुवात कोठून करायची हे या उत्तरावर ठरते. म्हणूनच दोन्ही गरजांवर एकच रामबाण उपाय सांगणाऱ्यांपासून सावध राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खळबळ शमवणे हीच तातडीची गरज असेल, तर सर्वांत साधी आणि दीर्घकाळ अभ्यासली गेलेली पद्धत म्हणजे अमेरिकी वैद्य एडमंड जॅकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेले क्रमवार स्नायू शिथिलीकरण. आज ज्या स्वरूपात ते शिकवले जाते त्यात स्नायूंचा एकेक गट काही सेकंद आवळून मग सोडून दिला जातो आणि या दोन अवस्थांतील फरक अनुभवला जातो. संथ श्वसनाच्या सरावाचा हेतूही असाच आहे. प्रौढ व्यक्ती विश्रांतीत असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेते; हा वेग सहाच्या आसपास आणला की श्वासागणिक हृदयगतीत होणारे चढउतार वाढतात, आणि बायोफीडबॅकमध्ये, म्हणजे शरीरातील बदल यंत्राने मोजून दाखवणाऱ्या पद्धतीत, ते पडद्यावर प्रत्यक्ष पाहताही येतात. या दोन्ही पद्धती लवकर शिकता येतात, घरी एकट्याने करता येतात आणि त्यांत गतायुष्य उकलून सांगावे लागत नाही. मात्र ताण कशातून येतो आहे याविषयी त्या काहीच सांगत नाहीत. शिवाय काही जणांना सैल पडतानाच अस्वस्थता वाढल्याचा अनुभव येतो. अशा वेळी नेटाने सराव रेटू नये.

बॉडी स्कॅन, म्हणजे सर्व शरीरावरून क्रमाने लक्ष फिरवण्याचा सराव, वरवर याच कुळातला वाटतो, पण त्याचा हेतू निराळा आहे. जॉन कबॅट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केलेल्या ८ आठवड्यांच्या ताण-निवारण कार्यक्रमात तो शिकवला जातो. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवताना जे जाणवेल ते, न बदलता, जाणवू द्यायचे असते. शिथिल होणे हे त्याचे उद्दिष्ट नसते. त्यामुळे लगेच आराम मिळेल या अपेक्षेने आलेला माणूस निराश होतो, आणि स्वतःच्या संवेदनांशी ओळख वाढवू पाहणाऱ्याला तोच सराव फार काही देऊन जातो. या कार्यक्रमाचा ताण आणि चिंता यांवरील परिणाम पुष्कळ अभ्यासांतून तपासला गेला आहे. अडचण शिस्तीची आहे, कारण रोज पाऊण तास काढणे सर्वांना जमत नाही.

भावना ओळखण्याच्या कामी मला सर्वांत मोलाची वाटते ती अमेरिकी तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ युजीन जेंडलिन यांची फोकसिंग ही पद्धत, जिची चर्चा तुलनेने कमी होते. जेंडलिन शिकागो विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्यासोबत काम करत असताना मानसोपचाराच्या सत्रांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास झाला, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. ज्यांना उपचाराचा लाभ होत होता ती माणसे बोलता बोलता थांबत, चाचपडत आणि अजून शब्द न सापडलेल्या एखाद्या जाणिवेकडे वळत. फोकसिंग हेच थांबणे शिकवते. छातीत जे दाटून आले आहे त्याला ‘राग’ म्हणावे, ‘भीती’ म्हणावे, की ‘एकटे पडल्यासारखे वाटणे’ म्हणावे, हे शरीरालाच विचारून पाहायचे. शब्द नेमका जुळला की आत काहीतरी सैल होते, आणि न जुळल्यास शोध चालू ठेवायचा. ‘कसे वाटते?’ या प्रश्नाला ‘ठीक’ याखेरीज उत्तर सुचत नाही, अशांसाठी हा सराव विशेष उपयोगी ठरू शकतो. तो सोबत्याबरोबर परस्परांचे ऐकूनही करता येतो.

जुना मानसिक आघात मनात असेल तर निवडीचे निकष बदलतात. पीटर लेव्हिन यांची सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग ही पद्धत आणि पॅट ऑग्डेन यांची सेन्सरीमोटर मानसोपचार पद्धत या दोन्हींत प्रशिक्षित थेरपिस्टच्या सोबतीने काम होते. लेव्हिन यांच्या पद्धतीत त्रासदायक संवेदनेला अगदी थोडा वेळ स्पर्श करून पुन्हा शरीरातील सुरक्षित, स्थिर भासणाऱ्या जागेकडे परतायचे असते. ऑग्डेन यांच्या पद्धतीत देहबोली आणि अपुऱ्या राहिलेल्या हालचाली यांवर भर असतो. सोमॅटिक एक्सपिरियन्सिंगवरील २०१७ च्या एका यादृच्छिक चाचणीत (जिथे कोण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते) आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी) असलेल्या ६३ जणांचा समावेश होता आणि लक्षणे घटल्याचे आढळले. पण तुलना प्रतीक्षायादीतील लोकांशी होती, दुसऱ्या उपचाराशी नव्हती. आघात-संवेदनशील योगाच्या, म्हणजे आघात सोसलेल्यांना जपून शिकवल्या जाणाऱ्या योगाच्या, २०१४ मधील चाचणीत हाच विकार जुनाट आणि इतर उपचारांना दाद न देणाऱ्या स्वरूपात असलेल्या ६४ स्त्रिया होत्या. १० आठवड्यांनंतर योग करणाऱ्या गटातील सुमारे ५२ टक्के स्त्रिया निदानाच्या निकषांत बसत नव्हत्या, तर आरोग्यशिक्षण घेणाऱ्या गटात हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. हे निष्कर्ष आशादायक असले तरी अशा विकारात आघातकेंद्री बोधनात्मक वर्तनोपचार (आघाताशी जोडलेले विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारा) आणि ईएमडीआर (आघाताची आठवण मनात ठेवून डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करवून घेणारा) यांच्या पाठीशी असलेला पुरावा अधिक भक्कम आहे, आणि देहाधारित काम त्यांना पूरक म्हणून स्वीकारणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आणखी एक भेद लक्षात घ्यायला हवा. पॅनिकचे, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचे, झटके येणारी व्यक्ती हृदयाच्या ठोक्यांवर आधीच डोळ्यांत तेल घालून पहारा देत असते; तिला ‘आत लक्ष द्या’ असे सांगितल्याने भीती भडकू शकते. तिने डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीवर टेकवून किंवा चालता चालता केलेल्या सरावापासून सुरुवात करावी. छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येणे अशी लक्षणे मात्र ताणाच्या खात्यावर टाकण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत.

थेरपिस्ट निवडताना त्यांचे मानसोपचाराचे मूळ शिक्षण कोणते, स्पर्शाचा वापर होतो का, होत असल्यास दर वेळी संमती विचारली जाते का आणि मध्येच थांबवण्याची मुभा आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. या प्रश्नांनी नाराज होणाऱ्या थेरपिस्टकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.