सरांचा आवाज आणि खिशातला रेकॉर्डर: नऊ आठवड्यांच्या वापरानंतर

ज्या सरांच्या हाताखाली मी संशोधन करायला शिकले, त्यांना फुप्फुसांचा फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसे हळूहळू कडक होत जाऊन श्वास अपुरा पडण्याचा आजार, होता. यापुढचे उपचार आजार रोखण्यासाठी नसून केवळ त्रास कमी करण्यासाठी आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा सरांनी मला बोलावून घेतले आणि सांगायचे राहिलेले सगळे आता टिपून घे, असे सांगितले. ते मला जमणार नाही हे पहिल्याच दिवशी कळले, कारण लिहिताना मान खाली जाते आणि समोरच्या माणसाचा चेहरा दिसेनासा होतो. म्हणून मी खिशात मावणारा एक साधा डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर घेतला. त्यानंतरचे नऊ आठवडे, आठवड्यातून दोनदा, तो आमच्या दोघांच्या मध्ये होता. हे परीक्षण त्या उपकरणाचे आहे. मात्र याच कामासाठी तो घेणाऱ्याला मेमरी किती आणि बॅटरी किती तास चालते एवढेच सांगून भागणार नाही.

फोनवरही रेकॉर्डिंग होते, मग वेगळे उपकरण कशाला, असे मला अनेकांनी विचारले. फोन समोर असला की त्यावर येणारा प्रत्येक संदेश सरांच्या वेळेत वाटा मागतो, आणि त्यांच्याकडे वेळच कमी उरला होता. रेकॉर्डरवर दुसरे काहीच येत नाही, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

आवाजाच्या दर्जाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण आजारी माणसाच्या खोलीत शांतता नसते. सरांच्या पलंगाशेजारी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू असे. हे यंत्र खोलीतली हवा ओढून घेते, झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या थरात तिच्यातला नायट्रोजन अडवते आणि साधारण ९० ते ९५ टक्के शुद्ध ऑक्सिजन नळीतून सोडते. त्याची घरघर अखंड चालते आणि दर काही सेकंदांनी झडपेचा फुस्स असा आवाज होतो. रेकॉर्डर टेबलावर ठेवला, तेव्हा सरांच्या आवाजापेक्षा यंत्राचाच आवाज जास्त आला. रेकॉर्डरमधल्या लो-कट फिल्टरने खालच्या पट्टीतली घरघर बरीच कमी झाली, पण खरा फरक अंतर कमी केल्यावर पडला. मायक्रोफोन आणि तोंड यांच्यातले अंतर निम्मे केले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. कॉलरला लावायचा छोटा मायक्रोफोन मी हनुवटीपासून वीतभर खाली, पांघरुणाला घासणार नाही अशा बेताने लावला. नळीची लांबी किती चालेल हे सरांच्या डॉक्टरांना विचारून यंत्र दाराबाहेर ठेवले आणि त्यानंतर प्रत्येक शब्द स्वच्छ येऊ लागला. बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोय नसलेला रेकॉर्डर या कामासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी सर्वांत मोठी तक्रार आवाजावर चालणाऱ्या रेकॉर्डिंगबद्दल आहे. कोणी बोलू लागले की यंत्र सुरू होते आणि बोलणे थांबले की आपोआप थांबते. सभेसाठी ही सोय चांगली असेल. माझ्या रेकॉर्डरमध्ये ती आधीपासूनच चालू होती आणि पहिल्या तीन भेटी तशाच नोंदल्या गेल्या. पन्नास मिनिटांच्या बोलण्याची फाइल बावीस मिनिटांची झाली होती. ऐकताना मला माझे सर सापडेनात. सरांना एका श्वासात चार-पाच शब्दच बोलता येत असत; मग ते थांबत, दम घेत आणि पुढचे शब्द निवडत. फाइलमध्ये मात्र ते एखाद्या घाईतल्या माणसासारखे बोलत होते, आणि थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या वाक्यांतले पहिले अक्षरही कापले गेले होते.

त्या कापलेल्या जागा कशाच्या होत्या, हे मला चौथ्या भेटीत समजले. मी ती सोय बंद केली होती. सरांनी विचारले, ‘श्वास कमी पडायला लागल्यावर बोलण्यातून पहिल्यांदा काय गळाले असेल?’ मग बराच वेळ ते थांबले आणि म्हणाले, ‘सबबी.’ आयुष्यभर मदत मागताना आपण तिच्याबरोबर कारण जोडत आलो, आता कारणाला पुरेल इतका श्वास नाही म्हणून नुसतेच ‘उठवून बसव’ म्हणतो, आणि कोणाला त्याचे वाईट वाटत नाही, असे त्यांनी तुकड्यातुकड्यांत सांगितले. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला तो थांबा रेकॉर्डिंगमध्ये एकोणीस सेकंदांचा आहे. पहिल्या तीन भेटींत असे किती थांबे गेले, हे मला आता कधीच कळणार नाही. हा रेकॉर्डर विकणाऱ्यांनी ही सोय आधीपासून बंद ठेवून द्यावी, असे मला मनापासून वाटते.

दुसरा दोष लाल दिव्याचा आहे. या रेकॉर्डरचे बटण एकदा दाबले की दिवा लुकलुकतो, म्हणजे यंत्र केवळ तयार असते. पुन्हा दाबल्यावर तो स्थिर होतो आणि तेव्हाच नोंद सुरू होते. सातव्या भेटीत मी एकदाच बटण दाबले. त्या दिवशी सर तासभर बोलले: एका विद्यार्थ्याच्या प्रबंधावर आपण लाल शाईने जे लिहिले त्याबद्दल, आणि चूक दाखवताना प्रबंधाकडे पाहिले पण त्याच्याकडे पाहायचे राहिले, याबद्दल. घरी आल्यावर फाइलच नव्हती. मी दुसऱ्या दिवशी जाऊन कबुली दिली, तेव्हा ते रागावले नाहीत, पण पुन्हा सांगायलाही तयार झाले नाहीत. जे आठवते ते लिहून आण, असे म्हणाले. मी लिहिलेले त्यांना वाचून दाखवले, तेव्हा दोन ठिकाणी त्यांनी हात वर केला आणि ‘हे मी म्हणालो नव्हतो’ असे सांगितले. मी खोडायला लागले तर त्यांनी थांबवले: ‘तुला तसे ऐकू आले ना? मग तुझ्या नावाने राहू दे.’ आता त्या कागदावर ती दोन वाक्ये माझ्या नावाने वेगळी लिहिलेली आहेत. दुसऱ्याचे म्हणणे आणि आपल्याला झालेले त्याचे आकलन यांच्यात रेघ कुठे ओढायची, हे संशोधनाच्या इतक्या वर्षांत मला इतके नेमके कळले नव्हते.

दिवा खुपतो म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावणार होते. सरांनी ती लावू दिली नाही. आपले बोलणे नोंदले जात आहे हे बोलणाऱ्याला दिसत राहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ते हात हलवत, तेव्हा मी रेकॉर्डर बंद करत असे, आणि त्या वेळात ते जे बोलले ते मी कुठेही लिहिलेले नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. आकार लहान ठेवण्यासाठी आवाजातला काही तपशील गाळणाऱ्या १२८ केबीपीएसच्या एमपी३ फाइलला मिनिटाला सुमारे १ एमबी जागा लागते, तर असे काही न गाळणाऱ्या ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओ डब्ल्यूएव्ही फाइलला सुमारे १० एमबी. आवाज परत मिळणार नसेल तर डब्ल्यूएव्हीच ठेवावी आणि त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रती कराव्यात. बॅटरी बदलताना घड्याळ मागे जाते, म्हणून प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तारीख तोंडाने सांगावी.

काय विचारावे हा प्रश्न रेकॉर्डर सोडवत नाही. कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांनी अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठी ‘डिग्निटी थेरपी’ विकसित केली आहे. तिच्यात रुग्णाची मुलाखत ध्वनिमुद्रित करतात, तिचे लेखन व संपादन करतात, ते रुग्णाला वाचून दाखवतात आणि मग त्याने ठरवलेल्या माणसांच्या हाती देतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १०० रुग्ण होते व त्यांतील ९१ टक्क्यांनी समाधान नोंदवले. २०११ सालच्या मोठ्या चाचणीत मात्र रुग्णांच्या मानसिक त्रासाच्या मोजमापात ठळक फरक दिसला नव्हता. मी तज्ज्ञ नाही, त्यामुळे ती उपचारपद्धती वापरली असा माझा दावा नाही. वाचून दाखवण्याची पायरी तेवढी मी घेतली, आणि सरांनी त्या वाचनात स्वतःबद्दलची चार विशेषणे काढून टाकली.

सरांच्या अखेरच्या भेटीची फाइल एकेचाळीस मिनिटांची आहे. तिच्यात मी वाचते आहे आणि ते ऐकत आहेत. मधूनमधून ‘हं’ म्हणतात, आणि एकदा ‘परत वाच’. कॉलरचा मायक्रोफोन त्या दिवशीही त्यांनाच लावलेला असल्यामुळे माझा आवाज लांबून येतो, पण त्यांचा प्रत्येक ‘हं’ आणि त्याआधीचा श्वास अगदी जवळून ऐकू येतो.