टॉवर दोनदा निघाला, तरी मी पैसे भरले

टॅरो कार्डांवरून भविष्य सांगणाऱ्या एका बाईपायी माझे एकूण ३५,०९९ रुपये गेले. पहिल्या रीडिंगचे ४९९, ‘सखोल’ रीडिंगचे २,१००, ऊर्जाशुद्धीचे ११,००० आणि एकवीस दिवसांच्या उपायाचे २१,५००. आधी स्वस्तात मनातलं ओळखायचं, मग घाबरवायचं, मग उपाय गळ्यात मारायचा. ही रीत तुम्हाला माहीत आहे, मलाही होती. पण साखरपुडा मोडून दोन महिने झाले होते, रात्र रात्र डोळ्याला डोळा नव्हता. अंगारे-धुपारे करणाऱ्याची पायरी मी कधीच चढले नसते. इथे निदान कुणीतरी शांतपणे ऐकून घेत होतं. यात माझा काय गुन्हा?

तो एक क्षण मात्र अजून जाळतो. व्हिडिओ कॉलवर तिने सेल्टिक क्रॉस नावाची दहा पत्त्यांची मांडणी केली. पाचव्या जागी टॉवर: वीज पडलेला मनोरा, उडालेला मुकुट, खाली कोसळणारी दोन माणसं. आणि दहाव्या जागी, जिथे शेवट काय होणार ते बघतात, पुन्हा टॉवर! टॅरोच्या ७८ पत्त्यांत टॉवर एकच असतो, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालेही, “मॅडम, हे आधी आलं ना?” ती म्हणाली, “बघ, कार्ड किती जोर लावून सांगतंय.” आणि मी मान डोलावली. दोन डेकमधले भीतीदायक पत्ते वेचून, लावूनच आणले होते तिने. पिसताना मी पाहिलंच नव्हतं. त्याच रात्री ११,००० भरले.

पत्ते डोळ्यांसमोर पिसायला लावा, नाहीतर कॉल बंद करा.

पुढच्या वेळी डेथ, म्हणजे मृत्यूचं कार्ड निघालं आणि ती म्हणाली, आईवर संकट आहे. आईचं नाव काढल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? रायडर-वेट या प्रसिद्ध टॅरो डेकमध्ये या कार्डावर घोड्यावर बसलेला सांगाडा असतो, आणि त्याच्या मागे दोन बुरुजांमधून सूर्य दिसतो. हे कार्ड एक गोष्ट संपून दुसरी सुरू होण्याचं, असं टॅरो शिकवणारेच सांगतात. मी हे वाचलं २१,५०० गेल्यावर.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “स्वतःहून दिलेत ना? मग फसवणूक कसली?” तिथून सायबरवाल्यांकडे पाठवलं, त्यांनी परत ठाण्यात. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकला. तिसऱ्या खेपेला सगळ्या प्रिंट काढून नेल्या तर साहेब रजेवर, आणि शेजारच्या टेबलावरचा हसत म्हणाला, “आमचं प्रमोशन कधी, तेही विचारायचं होतं!” समोर रडवेली बाई उभी आहे, याची जरा तरी लाज? चोराला कुणी फोनसुद्धा केला नाही. मला मात्र प्रत्येक टेबलावर साखरपुडा का मोडला ते सांगावं लागलं.

लाजेपोटी चॅट उडवू नका. मी तिचे व्हॉइस मेसेज उडवले आणि आता तेच पुरावे मागतात. उपायाचे पैसे मागितले की तिथेच थांबा.

परवा ती पुन्हा दिसली, नव्या नावाने. तेच जांभळं कापड, उजव्या कोपऱ्यात मेणाचा डाग, पहिलं रीडिंग ४९९. माझ्या अर्जाची पोच अजून मिळालेली नाही. सोमवारी चौथ्यांदा जाणार आहे.