मिथिलफेनिडेट की अ‍ॅटोमॉक्सेटिन?

एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) असलेल्या मुलाला औषध सुरू करायचं ठरलं की नाशिकमधले आई-बाप बहुधा या दोन नावांत अडकतात.

मिथिलफेनिडेट उत्तेजक आहे. साधी गोळी तासाभरात लागू पडते, ४ तासांच्या आसपास उतरते. खरा त्रास भुकेचा. इंदिरानगरच्या घरात शाळेतून आलेला डबा उघडावा, तर पोळी-भाजी जशीच्या तशी! म्हणून गोळीआधी पोटभर नाश्ता द्या, रात्री पुन्हा जेवायला बसवा, वजन-उंची लिहून ठेवा. गोळी उशिरा दिली तर झोप उडते. उतरताना काही मुलं चिडतात, रडतात. तो हट्ट नसतो, ओरडू नका.

अ‍ॅटोमॉक्सेटिन उत्तेजक नाही. गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात. मळमळ आणि पेंग जास्त. जेवणासोबत दिलं तर मळमळ कमी होते. क्वचित यकृताला इजा होते किंवा आत्महत्येचे विचार येतात. डोळे पिवळे दिसले, मूल एकदम गप्प झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

नाडी-रक्तदाब दोन्हींत तपासायचाच. मला विचाराल तर, हृदयाचा त्रास नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर आधी मिथिलफेनिडेट: भूक-झोपेचा त्रास लगेच कळतो आणि गोळी थांबवली की बहुधा लवकर ओसरतो.