असेंबल्ड की ब्रँडेड?

घरी डेस्कटॉप घ्यायचा म्हटलं की प्रश्न हाच: मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग निवडून जुळवून घ्यायचा, की शोरूममधून ब्रँडेड खोका उचलायचा?

ब्रँडेडचं सुख म्हणजे एकच बिल, एकच हेल्पलाइन. बहुधा वर्षभराची ऑनसाइट वॉरंटी असते, माणूस घरी येतो. आमच्याकडे तक्रारीनंतर चौथ्या दिवशी आला आणि "पार्ट मागवावा लागेल" म्हणून गेला. त्या छोट्या कॅबिनेटमधला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, वेगळ्याच मापाचा, बाजारातला बसेना. 11 दिवस बाबांची बँकेची कामं अडली.

असेंबल्डमध्ये प्रोसेसर, मदरबोर्डला साधारण 3 वर्षांची वॉरंटी, पण प्रत्येक भागाची वेगळी. बिघाड नेमका कशात, हे शोधणार कोण? सगळी मदार जुळवणाऱ्यावर. आमचा दुकानदार रॅम (मेमरीची पट्टी) काढतो, तिची सोनेरी कड खोडरबराने पुसतो, परत बसवतो. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. फक्त जीएसटीचं पक्कं बिल आणि अस्सल विंडोज आधीच मागा, नाहीतर "चालतंय की" म्हणत क्रॅक, म्हणजे चोरीची विंडोज, टाकून देतात.

असा माणूस हाताशी असेल तर मी असेंबल्डच घेईन. आईवडील गावी एकटे असतील तर मात्र ब्रँडेड, तेही पैसे भरून वॉरंटी 3 वर्षांची करूनच.