एझ्रा स्टाइल्सची डायरी, सात महिने वाचून झाल्यावर

गणपतीनंतर सुरू केली, आता सात महिने होत आले. रोज रात्री टॅबवर चार-पाच पानं. स्टाइल्स म्हणजे अमेरिकेत इंग्रजांचं राज्य असतानाचा पाद्री, १७५५ पासून ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्ट गावात, मग १७७८ पासून १७९५ ला वारेपर्यंत येल कॉलेजचा प्रेसिडेंट. मूळ कागद येलच्या बायनेकी लायब्ररीत आहेत, मी वाचतोय ती डेक्स्टर नावाच्या संपादकाने १९०१ मध्ये छापलेली डायरी, तीन खंड, स्कॅन फुकट मिळतं.

खरं सांगतो, पहिला महिना जड गेला. हवा कशी होती, कोण वारलं, प्रवचन कुणाचं झालं, हेच चालू. पण एकदा त्याची सवय लागली की सुटत नाही, कारण हा माणूस दिसेल ते मोजतो, थर्मामीटरचे आकडे, रस्त्यांची अंतरं, गावातली घरं, १७६९ चं शुक्राचं अधिक्रमण (शुक्र सूर्यासमोरून जातो ते), आणि घरात रेशमाचे किडे पाळून त्यांचीही वेगळी वही! पिक्वॉट या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले शब्द १७६२ मध्ये लिहून घेतलेत. चाळिशीच्या आसपास हिब्रू शिकायला बसला, आणि १७७३ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या हेब्रॉनचे रब्बी (यहुदी धर्मगुरू) कारिगल न्यूपोर्टला आले तर त्यांच्याशी अशी दोस्ती की नंतर हिब्रूत पत्रं चालू. ही पानं मी तीनदा वाचली.

एक टीप, सर्चवर विसंबू नका. त्या रब्बींचं नाव हल्ली 'सी' ने लिहितात, स्टाइल्स 'के' ने लिहितो, मी दोन संध्याकाळी घालवल्या. आणि छापील डायरीत काटछाट आहे, प्रवासाच्या वह्यांमधले निवडक उतारे १९१६ मध्ये वेगळे छापलेत, तेही सोबत ठेवा.

आता जे मनातून जात नाही ते. १७५६ मध्ये याने आफ्रिकेला निघालेल्या जहाजावर रमचं एक पिंप पाठवलं आणि बदल्यात एक लहान मुलगा आणवला, नाव ठेवलं न्यूपोर्ट. त्याला मोकळं केलं ते १७७८ च्या जूनमध्ये, येलला निघताना. पुढे १७९० मध्ये हाच स्टाइल्स कनेक्टिकटच्या गुलामगिरीविरोधी सोसायटीचा पहिला अध्यक्ष झाला, ते चांगलंच केलं, पण किड्यांसाठी अख्खी वही आणि या मुलाबद्दल मला डायरीत इतकं थोडं सापडलं की त्या रात्री पुढे वाचवेना.

तरी घ्याच वाचायला. आपल्याकडच्यांसाठी तर अजून एक, जानेवारी १७९४ मध्ये त्याने कलकत्त्याच्या विल्यम जोन्सला (तिथला इंग्रज न्यायाधीश, संस्कृतचा अभ्यासक) भलंमोठं पत्र लिहिलं, कोचीनच्या यहुद्यांकडे तोराची, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाची, जुनी हस्तलिखितं आहेत का ते शोधा म्हणून. एप्रिलमध्ये जोन्स वारला, तेव्हा पत्र बहुतेक समुद्रातच असणार.