स्तनवर्धनानंतरचे दुखणे आणि हालचाल : इम्प्लांट स्नायूच्या वर की खाली?

स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया करून घ्यायचे ठरले की सर्जनकडच्या सुरुवातीच्या भेटींतच एक प्रश्न समोर येतो. इम्प्लांट (आकार वाढवण्यासाठी स्तनात बसवायची कृत्रिम पिशवी) छातीच्या मोठ्या स्नायूच्या वर, म्हणजे स्तनग्रंथी आणि स्नायू यांच्यामध्ये बसवायचे, की त्या स्नायूच्या खाली? बऱ्याच जणी ही निवड पहिल्या पंधरवड्यात किती दुखेल यावरून करू पाहतात, आणि ते स्वाभाविकही आहे. घरात लहान मूल असते, रजा मोजकी असते आणि म्हापशाहून पणजीला रोज स्कूटरने जायचे असते. परंतु दुखण्यातला फरक खरा असला तरी तो काही आठवड्यांचा असतो, तर स्नायूच्या कामावर होणारा परिणाम इम्प्लांट शरीरात असेपर्यंत टिकतो. म्हणून ही तुलना दोन्ही अंगांनी करायला हवी.

आधी दुखण्याचे पाहू. स्नायूखाली इम्प्लांट बसवताना त्या स्नायूची खालची मुळे बरगड्यांपासून सोडवली जातात आणि वरचा भाग इम्प्लांटवर ताणून बसतो. आज बहुधा इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा ग्रंथीखाली राहील अशी मिश्र पद्धत वापरतात, पण ताण त्यातही असतोच. त्यामुळे पहिले तीन-चार दिवस छातीवर कोणी वजन ठेवल्यासारखे वाटते, खोल श्वास घेताना ओढ बसते आणि मध्येच स्नायूत गोळा येतो. त्यानंतर राहते ते सकाळचे आखडणे. रात्रभर पाठीवर, उशांना टेकून झोपल्यावर स्नायू ताठरतो, आणि दिवसभरातला सर्वांत त्रासाचा क्षण म्हणजे पलंगावरून उठण्याचा. हाताने रेटून न उठता आधी पाय खाली सोडून कोणाच्या तरी आधाराने उठले, तर तो बराच सुसह्य होतो. थोडे चालले-फिरले की आखडलेपण ओसरते. स्नायूच्या वर बसवलेल्या इम्प्लांटमध्ये हा सगळा भाग सौम्य असतो. दुखते ते मुख्यतः ताणलेल्या त्वचेचे आणि टाक्यांचे, आणि काही दिवसांतच साध्या पॅरासिटामॉलवर निभावते. काही तक्रारी मात्र दोन्हीकडे सारख्याच असतात. नसा पूर्ववत होताना कित्येक आठवड्यांनीही विजेसारखी कळ उठते, स्तनाग्र बधिर किंवा उलट अतिसंवेदनशील होते, आणि पाठीवर झोपून झोपून पाठच अवघडते. एका बाजूला दुसरीपेक्षा थोडे अधिक दुखणेही नेहमीचेच आहे.

आता हालचाल. हा स्नायू दंडाला छातीकडे ओढतो, म्हणून घरातली नेमकी कोणती कामे त्याला लागतात ते पाहणे उपयोगाचे ठरते. गोव्यातल्या घरात पहिला मान खोवणीचा. नारळाची अर्धी कवड दोन्ही हातांनी पात्यावर दाबून फिरवताना, दंड अंगालगत ठेवून जो जोर लावला जातो, तो थेट याच स्नायूचा असतो. स्नायूखाली इम्प्लांट असेल तर पहिले सहा आठवडे हे काम दुसऱ्या कोणीतरी करावे. पिंप ढकलणे, विहिरीचे पाणी ओढणे, चादरी पिळणे आणि पाट्यावर वाटण वाटणे यांचेही तसेच. चहा करणे, केस विंचरणे, खांद्याच्या उंचीपर्यंत हात हलके वर नेणे याला सहसा पहिल्या आठवड्यापासूनच मुभा असते, आणि हात अजिबात न हलवता बसल्याने खांदे मात्र आखडतात. काखेतून छेद घेतलेला असेल, तर हात वर करताना ओढ अधिक जाणवते. स्तनाखालच्या घडीत घेतलेल्या छेदात ती कमी असते.

स्नायूच्या वरच्या पर्यायातला धोका नेमका इथेच आहे. दुसऱ्या आठवड्यात फारसे दुखत नाही, म्हणून बाई कामाला लागते. परंतु दुखत नाही याचा अर्थ आतले भरून आले असा नव्हे. इम्प्लांटभोवतीचे शरीराचे स्वतःचे आवरण तयार व्हायला आठवडे लागतात, आणि तोवर जोर लावल्यास रक्तस्राव होण्याची किंवा इम्प्लांट जागचे सरकण्याची शक्यता राहते. त्यामुळे साधारण चार-पाच किलोंपेक्षा जड काही न उचलण्याचा नियम चार ते सहा आठवडे दोन्ही पर्यायांना सारखाच लागू होतो. पाण्याचा पाच लिटरचा कॅन ही त्याची वरची हद्द समजावी. घरगुती सिलिंडरमध्ये नुसता गॅसच 14.2 किलो असतो. अंगावर येणाऱ्या लहान मुलाचेही वजन यातच धरावे लागते, आणि ते पथ्य सर्वांत कठीण.

चालणे मात्र दोन्हीकडे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी सुरू करायचे असते, कारण पडून राहिल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. बैठी नोकरी स्नायूच्या वरच्या पर्यायात बहुधा आठवड्याच्या आत, आणि खालच्या पर्यायात आठवडा ते दहा दिवसांत जमते. तिथपर्यंत पोहोचायचे कसे, हा खरा प्रश्न. चारचाकी चालवायला गुंगी आणणारी वेदनाशामके बंद झालेली असली पाहिजेत आणि अचानक ब्रेक मारून स्टिअरिंग वळवताना कळ येता कामा नये. स्कूटर त्याहून उशिरा, कारण खड्ड्यातला हिसका हँडलवरून थेट छातीत येतो आणि गाडी मुख्य स्टँडवर चढवताना पूर्ण जोर लागतो. स्नायूखालच्या पर्यायात तीन आठवड्यांच्या आत तिचा विचारही नको. मोटारसायकल पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या दुचाकीवाल्याच्या, मागे बसण्यातही तेच हिसके आहेत. कदंबची, म्हणजे सरकारी, बस बरी, पण बसायला जागा मिळत असेल तरच. वरचा दांडा धरून उभ्याने केलेला प्रवास हा या काळातला सर्वांत वाईट व्यायाम.

पायांचा व्यायाम, उदाहरणार्थ स्थिर सायकल, दोन-तीन आठवड्यांनी चालतो. धावण्याला आणि उड्या मारण्याला चार ते सहा आठवडे थांबावे. पोहणे जखम पूर्ण भरल्याशिवाय नाही, मग तो तलाव असो वा समुद्र. आणि स्नायूखालच्या पर्यायात हात मारून पोहण्याला आणखी काही आठवडे जोडावेत. दंडबैठकांतले दंड आणि छातीचे वजनी व्यायाम यांना त्या पर्यायात दोन ते तीन महिनेही लागू शकतात. चवथीची फुगडी या यादीत मुद्दाम घालते आहे, कारण ती निरुपद्रवी वाटते. हात ताणून, मागे झुकून, जोडीदारणीचे वजन पेलत गिरक्या घेणे हा छातीच्या स्नायूवरचा मोठा ओढा आहे. आषाढात शस्त्रक्रिया करून भाद्रपदात फुगडी घालायचा बेत असेल, तर आठवडे नीट मोजावेत. शिवाय सर्जिकल ब्रा बहुधा चार ते सहा आठवडे रात्रंदिवस घालावी लागते, आणि मे महिन्यातल्या घामात स्तनाखालच्या टाक्यांजवळ पुरळ उठण्याचा त्रास वेगळाच. डिसेंबर-जानेवारी त्यातल्या त्यात सुसह्य.

या आठवड्यांपलीकडे गेले की पारडे फिरते. अंगाने सडपातळ असलेल्या स्त्रीच्या स्तनाच्या वरच्या भागातली त्वचा आणि चरबी चिमटीत धरून दोन सेंटिमीटरपेक्षा कमी भरत असेल, तर सर्जन बहुधा स्नायूचे आच्छादन सुचवतात. नाहीतर इम्प्लांटची कड आणि सुरकुत्या त्वचेतून दिसू शकतात. स्नायूखालच्या पर्यायात इम्प्लांटभोवतीचे आवरण कडक होण्याचे प्रमाण सामान्यतः कमी आढळले आहे आणि मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रे तपासणीत) ग्रंथी अधिक चांगली दिसते. पण छातीला जोर देताच इम्प्लांट वर-बाजूला सरकून आकार बिघडलेला दिसणे हा त्याचा कायमचा दोष. नियमित पोहणाऱ्या किंवा जिममध्ये वजने उचलणाऱ्या स्त्रीला तो रोज दिसतो. म्हणून अंगावर पुरेशी चरबी असलेल्या आणि छातीचा व्यायाम खरोखर करणाऱ्या स्त्रीने स्नायूच्या वरच्या पर्यायाचा, किंवा स्नायूवरच्या पातळ पडद्याखाली इम्प्लांट बसवण्याच्या पद्धतीचा, गांभीर्याने विचार करावा असे मला वाटते. सडपातळ स्त्रीने मात्र केवळ दहा दिवस आधी स्कूटर चालवता यावी म्हणून तो घेऊ नये.

स्वतःची चरबी भरण्याच्या पर्यायात छाती कमी दुखते, पण मांड्या किंवा पोट, जिथून चरबी काढली तिथे, मार लागल्यासारखे ठणकते. वाढही मर्यादितच मिळते.

कोणताही पर्याय घेतला तरी एकच स्तन अचानक फुगून घट्ट झाला, त्याच बाजूचे दुखणे औषधाला न जुमानता वाढत गेले किंवा त्वचा काळीनिळी पडली, तर आत रक्त साठत असल्याची शंका घ्यावी आणि त्याच तासाला सर्जनला फोन करावा. ताप येणे, जखमेतून स्राव होणे, पोटरी सुजून दुखणे किंवा धाप लागणे यांनाही थांबू नये. रक्त साठण्याचा धोका पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असतो, त्यामुळे काणकोण, सत्तरी किंवा पेडण्याच्या टोकाला राहणारीने पणजीत शस्त्रक्रिया झाल्यावर पहिल्या दोन रात्री रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे काढाव्यात, आणि रात्री गाडी काढू शकेल असे माणूस सोबत ठेवावे.