एम. जी. रोडमागचं कॅसेटचं दुकान: विकत घ्यायला नको, भरून घ्यायला जा

आधी निकाल सांगते, कारण अर्धे लोक तेवढंच वाचतात. जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायच्या असतील तर नाशकात मला याहून बरं ठिकाण माहीत नाही. पण स्पीकर, हेडफोन किंवा ‘अँटिक’ म्हणून कॅसेट विकत घ्यायची असेल तर पैसे जपून ठेवा. पाचपैकी साडेतीन.

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालक काकांनीच बजावलं, “ताई, नाव टाकू नका. पोरं रील काढायला येतात, कॅसेटच्या भिंतीपुढं उभी राहून हातवारे करतात आणि चार्जरची वायरसुद्धा न घेता जातात.” यशवंत व्यायामशाळेच्या बाजूने आत शिरा. मोबाइल कव्हरच्या दुकानांच्या रांगेत एकाच काचेमागे कॅसेटी दिसतील, तेच.

मी शाळांच्या गॅदरिंगचे नाच बसवते. नव्वदच्या दशकात सुरुवात केली तेव्हा ‘ट्रॅक’ वगैरे शब्द आमच्याकडे नव्हते. गाण्यांची यादी कागदावर लिहून याच दुकानात द्यायची, सोबत कोरी कॅसेट, आणि चार दिवसांनी भरलेली न्यायची. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. नव्वदची स्वस्त पडायची, पण तिची टेप पातळ. तालमीत मागेपुढे करून करून ती ताणली जायची आणि ऐन कालिदास कलामंदिरात गाणं गोगलगाईसारखं चालायचं. काका नव्वदची विकायचेच नाहीत मला. “नाचाला साठचीच,” म्हणायचे.

माळ्यावरच्या त्या सगळ्या कॅसेटी पिशवीत घालून यंदा पावसाळ्यापूर्वी घेऊन गेले. त्यात एक विकत घेतलेली, कव्हरचा रंग उडालेली, ‘मेड इन इंडिया’.

पॉप गायिका अलिशा चिनॉय. 1995 साल. ज्यांनी तेव्हा केबल पाहिली त्यांना लाकडी खोक्यातून बाहेर येणारा मिलिंद सोमण आठवत असेल. बाकीच्यांनी आईला विचारा. बिड्डूंचं संगीत, मॅग्नासाउंडची कॅसेट, आणि सिनेमाचा काहीही आधार नसताना घराघरात पोचलेलं गाणं. काका सांगतात, सिनेमाच्या कॅसेटी भिंतीवर असायच्या, ही एक गल्ल्याशेजारी रचून ठेवलेली असायची, कारण उठून काढायला वेळ मिळत नसे. त्या आणि पुढच्या हिवाळ्यात मी ज्या ज्या शाळेत गेले, तिथे हाच नाच मागितला गेला. चौथीच्या मुली घागरे घालून व्हिडिओतल्या राजकन्येसारखे राजपुत्र नाकारत होत्या आणि मुख्याध्यापक पहिल्या रांगेत खूश, कारण गाण्यात इंडिया आहे.

अलिशाचं नशीब मात्र एका गाण्यावर सुरू झालं नव्हतं आणि संपलंही नाही. 1987 च्या ‘मिस्टर इंडिया’त ती किशोरकुमारबरोबर गायली होती. त्याआधी ‘जादू’ नावाचा तिचा स्वतःचा अल्बमही निघाला होता. मग 95 ची लाट. आणि नंतर हिंदी पॉपचं जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं: सिनेमाने तोच ठेका, तेच चकचकीत व्हिडिओ उचलले आणि वेगळ्या कॅसेटीची गरजच उरली नाही. मॅग्नासाउंडनेही गाशा गुंडाळला. अलिशाचं नाव मागे पडलं. मग 2005 मध्ये ‘बंटी और बबली’तलं ‘कजरा रे’ आलं. शंकर-एहसान-लॉयचं संगीत, गुलजारांचे शब्द, आणि गायला शंकर महादेवन आणि जावेद अलीबरोबर ही. त्या गाण्याला तिला फिल्मफेअर मिळालं. 2007 ला ती ‘इंडियन आयडॉल’च्या परीक्षकांच्या खुर्चीत होती.

मी काकांना म्हटलं, बघा, तिचे दिवस फिरले. ते कॅसेट वाजवायच्या डेकच्या पोटातून काळा चिकट बेल्ट चिमट्याने ओढून काढत होते. म्हणाले, “तिचे फिरले. माझ्याकडे ‘कजरा रे’ची कॅसेट मागायला किती आले सांगू? गल्लीत सगळीकडे वाजत होतं, फक्त माझ्या गल्ल्यात वाजलं नाही.”

या वाक्यावर मी बराच वेळ विचार केला. आवाज कॅसेटीतून सिनेमात गेला, सिनेमातून टीव्हीवर, तिथून मोबाइलमध्ये. प्रत्येक ठिकाणी त्याला जागा मिळाली. दुकानदार विकत होता ती डबी. पहिल्या लाटेत आवाज आणि डबी एकत्र होते म्हणून दोघांची भरभराट झाली. दुसऱ्या लाटेत मी स्वतः ‘कजरा रे’ फुटपाथवरच्या एमपीथ्री सीडीवरून आणलं होतं, शंभर-दीडशे गाणी एका चकतीवर. (बसवलं मात्र नाही. शब्द ऐकून बाईंनी हात जोडले.) पुढे ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या, 2016 ला जिओ आलं आणि त्या पाट्याही उतरल्या. त्याच वर्षी मुंबईचं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस बंद झालं. तेवढं नाव असलेलं दुकान टिकलं नाही, तिथे आमच्या गल्लीची काय कथा.

काकांबद्दल हळहळ वाटते, पण एक गोष्ट त्यांच्यासमोरही बोलले. ते आम्हाला यादीवरून कॅसेटी भरून द्यायचे, त्याचे पैसे ना अलिशाला जात होते ना बिड्डूंना. मेमरी कार्डवाल्यांनी त्यांचाच धंदा स्वस्तात केला. काका हसले. “पण मी गाणं नीट कापून द्यायचो,” एवढंच म्हणाले.

खरं आहे ते, आणि म्हणूनच इथे जायचं.

आता सेवेबद्दल. काउंटरच्या मागे दोन डेक आहेत, दोन्ही काकांनी उघडून बांधलेले. कॅसेट आली की आधी बाहेरून बघतात. नाशिकच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या टेपवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट डेकला लावली तर टेपवरचा आवाज उचलणारं हेडही खराब होतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाची कॅसेटही. ती वेगळी काढून कोरड्या कापडावरून हळूहळू फिरवतात, त्याचे 50 रुपये जादा. मग हेड स्पिरिटने पुसायचं, एक बारीक स्क्रू फिरवून हेडचा कोन त्या कॅसेटीला जुळवायचा. या स्क्रूला बहुतेक ठिकाणी कुणी हात लावत नाही, आणि मग आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. काका कानाने जुळवतात. ‘स’ टोकदार ऐकू आला की थांबतात.

यात घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरायला साठ मिनिटंच लागतात, पिशवीभर असतील तर दोन आठवडे धरा. एका कॅसेटचे 150 रुपये. माझ्या एका कॅसेटची टेप तुटली होती, ती पट्टी लावून जोडली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

तक्रारी आहेत. न सांगता दिलं तर 128 केबीपीएसचं एमपीथ्री करून देतात (आकडा मोठा तितका आवाज बरा). 320 सांगून घ्या, तासाला जेमतेम 144 एमबी होतात, आजकाल एवढ्याचं काय. जपून ठेवायचं असेल तर वेव्ह, म्हणजे आवाज न दाबलेली फाइल मागा, तासाला साधारण 635 एमबी. फाइलींना नावं देत नाहीत, ‘ट्रॅक 1, ट्रॅक 2’ असा सगळा मामला. आणि पावती? वहीच्या कागदावर आकडा.

निकाल मात्र बघा. विकत घेतलेली ‘मेड इन इंडिया’ सुरुवातीला दबकी येते, कारण तालमीत तोच भाग रोज घासला गेला. ते गाणं अ‍ॅपवर कितीतरी स्वच्छ ऐकू येतं. तिचे 150 रुपये वाया गेले म्हणा. पण भरलेल्या कॅसेटीवर त्याच गाण्याचा काकांनी केलेला कट आहे: सुरुवातीचं संगीत छाटलेलं, मुखडा, एकच अंतरा, मधला तुकडा दोनदा, कारण मुलींना रांगा बदलायला वेळ हवा होता. दोन डेक आणि एक पॉजचं बटण, एवढ्यावर केलेला. जोड कुठे आहे ते मला माहीत असूनही ऐकू आला नाही. तो कट कुठल्याही अ‍ॅपवर नाही, आणि माझ्या यंदाच्या बॅचमधल्या एका मुलीची आई त्याच कटवर नाचली होती.

विक्रीचा भाग थोडक्यात. सीलबंद कॅसेटी 400 ला, कव्हरं उन्हाने पिवळी. सीडींचं कपाट शोभेला. ब्लूटूथ स्पीकर शेजारच्या दुकानात स्वस्त आहेत, काका स्वतःच तिकडे बोट दाखवतात. आधीच गाणी भरलेला, रेडिओसारखा दिसणारा कारवाँ ठेवतात, आजी-आजोबांना भेट द्यायला लोक नेतात. पण त्यावरही त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं: “पाच हजार गाणी एका डब्यात विकली की तो माणूस परत कशाला येईल? पूर्वी महिन्याला एक कॅसेट घ्यायला यायचा, बसायचा, चहा व्हायचा.”

दुकान चालतं ते अजूनही गॅदरिंगवरच. मुलगा मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर मिक्स करून देतो, पाच गाण्यांची मेडली 600 रुपये. काम स्वच्छ, फक्त प्रत्येक जोडावर तो ‘ढिशूम’ टाकतो. तो नको असेल तर आधीच सांगा, दोनदा सांगा.

डिसेंबरात कॅसेटी घेऊन जाऊ नका, सगळ्या शाळा तिथेच असतात. दुपारी दोन ते चार बंद. पेनड्राइव्ह घरून न्या. स्कॅनर आहे, पण पैसे आले की नाही हे बघायला मुलाला हाक मारावी लागते. गाडी गल्लीत घालू नका, टोइंगवाले तिथे काकांपेक्षा नियमित येतात.